नाना वैकुंठाला गेले की स्वर्गात? कॅथलिक शिकवणीनुसार तारण नक्की कोणाचं?

मोगरा_वसई | २७ ऑक्टोबर, रात्री ११:१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

मी मूळची फलटणची, माळकरी घरातली. लग्न वसईतल्या कॅथलिक घरात झालं, त्याला आता तेरा वर्षं झाली. मी बाप्तिस्मा घेतलेला नाही आणि घे म्हणून कोणी मागेही लागलं नाही. मुलीचा मात्र झालाय. ती नऊ वर्षांची आहे, रविवारी मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) झाली की धर्मशिक्षणाच्या वर्गाला बसते. माझे वडील, म्हणजे नाना, यंदा श्रावणात गेले.

काल वर्गात स्वर्ग-नरकाचा धडा झाला. घरी आली ती गप्पच. जेवताना भात नुसता चिवडत बसली आणि मग म्हणाली, "मम्मी, तू मामाला फोनवर म्हणालीस नाना वैकुंठाला गेले. टीचर म्हणतात स्वर्गात जायला बाप्तिस्मा लागतो. मग नाना वेगळ्या जागी गेलेत का? मला नंतर भेटणारच नाहीत?"

मी म्हटलं डॅडींना विचार. डॅडी म्हणाले फादरना विचारू. सासूबाई म्हणाल्या, असल्या माणसाला देव बाहेर उभा करेल का गं, जेव आधी.

मला धीर देणारं उत्तर नकोय, धीर सासूबाईंनी दिलाय. चर्चची खरी शिकवण काय आहे ते हवंय. आणि अडचण अशी की नाना अजाण नव्हते. लग्नाच्या दिवशी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसले होते, गळ्यात तुळशीची माळ, डोक्यावर टोपी, ती काढायची का म्हणून हळूच मला विचारलेलं. व्याह्यांनी दिलेलं मराठी बायबल पेन्सिलीने खुणा करत करत पूर्ण वाचलं. तरी शेवटपर्यंत हरिपाठ चुकला नाही. म्हणजे ज्यांच्या कानावर येशूचं नावच गेलं नाही त्यांना सूट, असं काही असेल तर ती सूट नानांना लागू होत नाही. मग?

दोन तारखेला मृतांचा दिवस. सगळे दफनभूमीत मेणबत्त्या लावतात, तिला नानांसाठी लावायचीय. नानांची कबर नाही, अस्थी चंद्रभागेत सोडल्या. तोवर तिला काहीतरी नीट सांगायचंय.

बदलापूरचा_बाळू | २७ ऑक्टोबर, रात्री ११:४०

आमच्याकडे या वयात मुलं मोबाईल कधी घेणार विचारतात. वाचतोय, जाणकारांनी लिहा.

कुपारी_काका | २८ ऑक्टोबर, सकाळी ६:०५

मोगराताई, सासूबाईंनी जे सांगितलं ते धर्मशास्त्राच्या अंगानेही फारसं चुकलेलं नाही. पण तुम्ही नीट उत्तर मागितलंय म्हणून मुळापासून लिहितो, लांबण लागेल.

"चर्चबाहेर तारण नाही" हे वाक्य तिसऱ्या शतकातल्या कार्थेजच्या बिशप सिप्रियनचं म्हणून ओळखलं जातं. तो ते बोलत होता चर्चमधून फुटून निघालेल्या ख्रिस्ती लोकांबद्दल, परधर्मीयांबद्दल नाही. पण शतकं गेली तसं ते वाक्य सगळ्यांनाच लावलं गेलं. १४४२ मध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेत तर स्पष्ट लिहिलं गेलं की मूर्तिपूजक, यहुदी, पाखंडी, फुटीर, जे मरणाआधी चर्चमध्ये आले नाहीत ते सार्वकालिक अग्नीत जातील. हे लपवण्यात अर्थ नाही, लिहिलंय ते लिहिलंय. तेव्हाच्या युरोपचा समज असा की सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, जगभर पोचलेली आहे, आता जो बाहेर आहे तो आपल्या मर्जीने बाहेर आहे.

बरोबर पन्नास वर्षांनी कोलंबस अमेरिकेला लागला, आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की अर्ध्या जगाने हे नाव ऐकलेलंच नाही. देव सगळ्यांचं तारण इच्छितो हे तर बायबलात लिहिलंय, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात. मग या लोकांचं काय? तिथून विचार हलायला लागला. १८६३ मध्ये पोप नववे पायस यांनी लिहिलं की ज्यांना दूर करता येणार नाही असं अज्ञान आहे आणि जे सरळ जगतात त्यांना देवाच्या प्रकाशाने आणि कृपेने सार्वकालिक जीवन मिळू शकतं. १९४९ मध्ये बॉस्टनचे एक जेझुइट (येशूसंघाचे) धर्मगुरू, लिओनार्ड फीनी, कॅथलिक नाही तो नरकातच जाणार असं ठासून सांगत होते, तर रोमने पत्र पाठवून हा अर्थ चूक आहे म्हणून कळवलं. पुढे बोलावूनही ते रोमला गेले नाहीत, १९५३ मध्ये बहिष्कृत झाले. शेवटी १९७२ साली त्यांना परत सामावून घेतलं.

आणि मग २१ नोव्हेंबर १९६४, दुसरी व्हॅटिकन परिषद, तिचा चर्चविषयीचा दस्तऐवज लुमेन जेन्टियम, सोळावा परिच्छेद. आपला दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची सुवार्ता किंवा त्याचं चर्च माहीत नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सदसद्विवेकबुद्धी सांगेल तसं त्याची इच्छा पाळायला धडपडतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. पुढे तर ज्यांना देवाची स्पष्ट ओळखही झालेली नाही अशांचाही उल्लेख आहे.

हे जाहीर झाल्यावर दोन आठवड्यांच्या आत पोप सहावे पॉल मुंबईत आले, युखारिस्त परिषदेला. मी आठ वर्षांचा होतो, वडिलांनी ओव्हल मैदानावर नेलं होतं. मला फक्त माणसांचे पाय आणि लांबवर एक पांढरा ठिपका आठवतो. त्याच दौऱ्यात त्यांनी इतर धर्मांच्या प्रतिनिधींसमोर उपनिषदातली प्रार्थना म्हटली, असत्याकडून सत्याकडे ने, अंधारातून प्रकाशाकडे ने, हे मला खूप नंतर कळलं. आदल्या वर्षापर्यंत आम्ही घोकून पाठ केलेली प्रश्नोत्तरं वेगळी होती.

शंकासुर | २८ ऑक्टोबर, सकाळी ९:३१

काका, माहितीबद्दल आभार. पण १४४२ ला अग्नी आणि १९६४ ला स्वर्ग, हे दोन्ही एकाच चर्चने सांगितलं ना? मधल्या पाचशे वर्षांत जी माणसं आपले आईवडील नरकात जळतायत असं समजून रडली त्यांना काय सांगायचं? सरळ चुकलो म्हणून मोकळं व्हावं. मी नास्तिक आहे, मला कुठेच जायचं नाहीये, पण एखाद्या मुलीच्या घशाखाली भात उतरत नाही हे मला झेपत नाही.

फातर्पेकर | २८ ऑक्टोबर, सकाळी १०:१८

शंकासुर, तुम्ही म्हणताय तशी माणसं खरंच होती. आमच्या गोंयच्या सायबाचंच बघा, संत फ्रान्सिस झेवियर. १५४२ मध्ये गोव्यात आले, पुढे जपानला गेले. तिथून परतल्यावर जानेवारी १५५२ मध्ये कोचीनहून लिहिलेल्या पत्रात त्यांनी स्वतःच सांगितलंय की नवे जपानी ख्रिस्ती विचारायचे, आमच्या मेलेल्या माणसांना नरकातून सोडवायला काही दान, काही प्रार्थना नाही का? आणि झेवियर सांगायचे, नाही, उपाय नाही. ती माणसं रडायची आणि त्यांचं रडणं बघून झेवियरना वाईट वाटायचं, पण उत्तर तेच.

मी हिंदू, माझ्या गावात निम्मे ख्रिस्ती, आम्ही जुन्या गोव्याच्या फेस्ताला जातो, ते आमच्या जत्रेला येतात. काकांनी दिलेला तो सोळावा परिच्छेद चांगलाच आहे, पण मला त्यात एक शब्द बोचतो. अज्ञान. म्हणजे आमचे आजेपणजे चांगले, पण बिचारे अज्ञानी, म्हणून पास. नानांनी बायबल वाचलं, समजून घेतलं आणि तरी विठ्ठलाला धरून राहिले. ते अज्ञान नव्हतं, ती निष्ठा होती. तिला अज्ञान म्हणून सवलत देऊ नका.

कार्ल रानर नावाचे मोठे जर्मन जेझुइट पंडित होते, त्यांनी अशा लोकांना अनामिक ख्रिस्ती म्हटलं. मग आमच्या शेजारच्या सिरिलबाबांना आम्ही अनामिक वारकरी म्हटलं तर चालेल?

बदलापूरचा_बाळू | २८ ऑक्टोबर, सकाळी १०:२५

अनामिक वारकरी :) सिरिलबाबा उपवासाला साबुदाणा खात असतील तर माझं अनुमोदन.

जुनी_वाट | २८ ऑक्टोबर, दुपारी १:५०

मी बांद्र्याचा ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या कॅथलिक समाजातला, जुन्या वळणाचा माणूस. काकांनी लुमेन जेन्टियम १६ सांगितला, पण सगळे जिथे थांबतात तिथेच तेही थांबले. पुढची ओळ आहे की पुष्कळदा माणसं सैतानाकडून फसतात, देवाच्या सत्याऐवजी असत्य धरून बसतात, आणि म्हणूनच सुवार्ता सांगायचं काम चर्च सोडू शकत नाही. शिवाय चौदावा परिच्छेद आहे, ख्रिस्ताने चर्च आवश्यक म्हणून स्थापलं हे ज्याला माहीत आहे आणि तरी जो आत यायला किंवा आत राहायला नकार देतो त्याचं तारण होऊ शकत नाही. २००० साली व्हॅटिकनचं दोमिनुस येसुस हे निवेदन आलं, त्यातही तेच, इतर धर्मांच्या माणसांना देवाची कृपा मिळू शकते, पण तारणाच्या साधनांच्या बाबतीत त्यांची स्थिती गंभीर उणिवेची आहे.

हे मी कोणाला दुखवायला लिहीत नाहीये. पण सगळेच जाणार, सगळं सारखंच, असं चर्च म्हणत नाही. तसं असतं तर वसईच्याच संत गोन्सालो गार्सियाने १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मरण का पत्करलं? ताईंना खरी शिकवण हवी आहे, मग अवघड भागही सांगायला हवा.

मोगरा_वसई | २८ ऑक्टोबर, दुपारी ३:०२

जुनी_वाट, अवघड भाग सांगितलात त्याबद्दल खरंच आभार, मला हेच हवं होतं. तो चौदावा परिच्छेद वाचूनच तर झोप उडालीय. नानांना माहीत होतं ना.

फातर्पेकर दादा, अज्ञान शब्द मलाही बोचला. नाना असते तर म्हणाले असते, अज्ञानी तर आहेच, ज्ञानी कोण आहे.

लीना_डब्लिन | २८ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:४४

मी मूळ नंदाखालची, इथे आयर्लंडमध्ये नर्स आहे, प्रसूती विभागात. थोडं अवांतर वाटेल पण नाहीये.

इथे गावोगाव किलीन नावाच्या जागा आहेत. बाप्तिस्मा व्हायच्या आत जी बाळं जायची त्यांना पवित्र केलेल्या दफनभूमीत जागा नसायची, मग बाप रात्री अंधारात बाळ कापडात गुंडाळून न्यायचा आणि शेताच्या बांधाला नाहीतर एखाद्या पडक्या देवळाजवळ पुरायचा. वर नाव नाही, नुसता एखादा दगड. विसाव्या शतकातसुद्धा हे चालू होतं. अशी बाळं लिम्बोमध्ये जातात असं सांगत, म्हणजे दुःख नाही पण देवाचं दर्शनही नाही अशी जागा. माझ्यासोबतची एक आयरिश बाई मला तिच्या गावच्या किलीनला घेऊन गेली होती, वीतभर उंचीचे दगड होते, गवतातून हाताने चाचपत शोधावे लागले.

आमच्या आजीचंही पहिलं मूल असंच गेलं, कुंपणाच्या बाहेर पुरलं. आजी म्हातारपणीही त्या कोपऱ्यावरून जाताना पदर डोक्यावर ओढून घ्यायची.

आता ऐका. लिम्बो हा चर्चचा अधिकृत सिद्धांत कधीच नव्हता, पंडितांनी काढलेलं अनुमान होतं. १९९२ च्या कॅटेकिझममध्ये, म्हणजे चर्चच्या शिकवणीच्या अधिकृत ग्रंथात, लिम्बोचं नावसुद्धा नाही, तिथे म्हटलंय की अशा बाळांना चर्च देवाच्या दयेवर सोपवतं आणि त्यांच्या तारणाची आशा ठेवू शकतं. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या धर्मशास्त्र आयोगाचा यावर अख्खा अहवाल आला, पोप सोळावे बेनेडिक्ट यांच्या संमतीने. तोही म्हणतो आशेला भक्कम आधार आहे, खात्रीचं ज्ञान नाही.

शंकासुर, चुकलो म्हणा असं तुम्ही म्हणता. माझ्या आजीसाठी मलाही ते ऐकायला आवडलं असतं. चर्चने लिम्बो हळूच बाजूला ठेवला, आजी तोवर गेली होती.

आणि एक, अडीअडचणीत बाप्तिस्मा कोणीही देऊ शकतं, स्वतः बाप्तिस्मा न घेतलेला माणूससुद्धा. चर्चला अभिप्रेत आहे ते करायची इच्छा हवी, कपाळावर पाणी घालायचं आणि पिता, पुत्र, पवित्र आत्म्याच्या नावाने शब्द म्हणायचे. मुंबईला असताना आमच्या वॉर्डात एका हिंदू सिस्टरने इन्क्युबेटरच्या खिडकीतून हात घालून, आईच्या विनंतीवरून, कापसाच्या बोळ्याने पाणी टिपत एका बाळाला बाप्तिस्मा दिला होता. तो चर्चच्या लेखी पूर्ण बाप्तिस्मा. म्हणजे जिच्या तारणाबद्दल इथे वाद चाललाय तिच्या हातून देव दुसऱ्याला आत घेतो. याचा विचार करा.

शंकासुर | २८ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:१०

लीना, निःशब्द. आजींना नमस्कार.

अहिल्यानगरचा_उपासक | २८ ऑक्टोबर, रात्री ८:२२

मी प्रोटेस्टंट, आमचं घराणं मराठी मिशनच्या काळापासून ख्रिस्ती. मला या चर्चेत एक गोष्ट राहून गेल्यासारखी वाटतेय. नाना चांगले होते म्हणून स्वर्ग, ही भाषाच मुळात बायबलची नाही. आपण कोणीच आपल्या चांगुलपणावर आत जात नाही, कृपेने जातो, विश्वासाने. कॅथलिक मंडळी कर्माचा हिशोब ठेवतात हा आमचा जुना आक्षेप आहे, राग नसावा.

कुपारी_काका | २९ ऑक्टोबर, सकाळी ५:५०

उपासक, राग कसला. पण ट्रेंटच्या कॅथलिक धर्मपरिषदेने १५४७ मध्येच सांगितलंय की नीतिमान ठरण्याच्या आधीचं काहीही, विश्वास असो की कर्म, ती कृपा कमावू शकत नाही. सुरुवात देवाचीच. १९९९ मध्ये ऑग्सबर्गला कॅथलिक आणि लुथरन चर्चने एकत्र सही करून हे मान्य केलं. तेव्हा आपण समजतो तितके लांब नाही. आणि म्हणूनच नानांनाही तारण मिळालं असेल तर ते ख्रिस्ताच्या कृपेनेच मिळालं असेल, त्यांच्या वारीच्या हिशोबाने नाही, असंच चर्च म्हणेल. दार एकच, ख्रिस्त. त्या दाराचं नाव माहीत असल्याशिवाय आत पाऊल पडतच नाही, असं मात्र चर्च म्हणत नाही.

आता चौदावा परिच्छेद. जुनी_वाट यांनी अचूक सांगितलाय. पण त्यातला "माहीत आहे" हा शब्द तोलून बघा. माझ्या घरी टॉलेमीपासून आइनस्टाइनपर्यंत पुस्तकं असतील, म्हणजे मला भौतिकशास्त्र कळलं असं होत नाही. येशूबद्दल वाचणं वेगळं आणि हेच सत्य आहे, देव मला इथेच बोलावतोय असं आतून पटणं वेगळं. आतून पटूनसुद्धा मानापोटी, भीतीपोटी, स्वार्थापोटी पाठ फिरवणारा माणूस त्या परिच्छेदात आहे. नानांना आतून विठ्ठल पटला होता. सदसद्विवेकाविरुद्ध जाऊन त्यांनी बाप्तिस्मा घेतला असता तर उलट ते चूक ठरलं असतं.

हा विचार आजचा नाही. १५३९ च्या सुमाराला स्पेनमध्ये सालामांकाला फ्रान्सिस्को दे व्हितोरिया नावाचे डॉमिनिकन संघाचे धर्मगुरू-प्राध्यापक अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांबद्दल व्याख्यानं देत होते. ते म्हणाले, नुसतं कानावर पडलं म्हणून त्या लोकांवर विश्वास ठेवायचं बंधन येत नाही. श्रद्धा त्यांच्यासमोर पटेल अशा रीतीने मांडली गेलीय याचीच मला खात्री नाही, उलट तिथून बातम्या येतात त्या अत्याचारांच्या. सांगणाऱ्याचं वागणंच आड येत असेल तर न स्वीकारणाऱ्याचा दोष कसा? फातर्पेकर, गोव्याच्या इतिहासाबद्दल तुम्ही सौजन्याने गप्प बसलात ते माझ्या लक्षात आलं.

मोगराताई, एक विचारू? नानांनी पेन्सिलीने कुठे कुठे खुणा केल्यात?

फातर्पेकर | २९ ऑक्टोबर, सकाळी ८:४१

काका, देव बरें करूं. इन्क्विझिशनवर, म्हणजे गोव्यातल्या त्या धर्मन्यायालयाच्या छळावर, लिहिलं असतं तर धागा तिकडेच गेला असता आणि मुलीचा प्रश्न राहिला असता.

मोगरा_वसई | २९ ऑक्टोबर, रात्री १०:१५

काका, बायबल माहेरी होतं, भावाला फोटो काढून पाठवायला सांगितलं.

खुणा पुष्कळ आहेत. मत्तयच्या सातव्या अध्यायात, मला प्रभू प्रभू म्हणणारा प्रत्येक जण स्वर्गाच्या राज्यात जाणार नाही, तिथे दोन रेघा. लूकमध्ये क्रुसावरचा चोर, त्याच्याभोवती चौकट. आणि मत्तय पंचवीस, मेंढरं आणि शेरडं, मी भुकेला होतो तुम्ही मला खायला दिलं, ते अख्खं पान पेन्सिलीने भरलंय. कडेला त्यांच्या अक्षरात एकच शब्द लिहिलाय, तुकोबा. भावाने आणि मी फोनवर दोन मिनिटं काहीच बोललो नाही.

धर्मशिक्षिका | ३० ऑक्टोबर, दुपारी १२:३०

मी शेजारच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) बावीस वर्षं धर्मशिक्षण देतेय. तुमच्या मुलीच्या टीचरना मी ओळखत नाही, पण असा धडा मीही एकदा घेतलाय आणि एक मुलगा असाच गप्प झालेला मला आठवतो. पस्तीस मिनिटांचा वर्ग, बाप्तिस्म्याने स्वर्गाचं दार उघडतं एवढं सांगून होतं, पुढची ओळ राहते. पुढची ओळ कॅटेकिझममध्ये १२५७ क्रमांकाला आहे. देवाने तारण बाप्तिस्म्याशी बांधलंय, पण देव स्वतः आपल्या संस्कारांनी बांधलेला नाही. ही ओळ मी आता दर वर्षी फळ्यावर लिहिते.

त्या मत्तय पंचवीसबद्दल. त्या पानावर उजवीकडे उभे असलेले लोक काय म्हणतात बघा. प्रभू, आम्ही तुला भुकेलेला कधी पाहिलं? त्यांनाच माहीत नाही! ज्यांना राज्य मिळालं तेही चकित. फातर्पेकर यांना अज्ञान शब्द बोचतो, मला समजतं, मलाही तो शब्द कोरडा वाटतो. पण येशूच्या त्या गोष्टीत न कळणं हा कमीपणा नाहीच, तिथे सगळेच न कळलेले आहेत. आणि डावीकडचे, ज्यांनी दिलं नाही, तेही त्याला प्रभू म्हणूनच हाक मारतात. लुमेन जेन्टियमच्या चौदाव्यातच पुढे आहे की जो देहाने चर्चमध्ये आहे पण प्रीतीत टिकला नाही त्याचं तारण होत नाही. बाप्तिस्म्याचा दाखला म्हणजे तिकीट नाही, हे मी आधी मला सांगते.

चर्चने हजारो संत जाहीर केलेत, पण अमुक माणूस नरकात आहे असं आजवर एकदाही जाहीर केलेलं नाही. येशूला धरून देणाऱ्या यहूदाबद्दलसुद्धा नाही. नरक आहे, आणि कायमचं नाही म्हणायची मोकळीक माणसाला आहे, असं चर्च नक्की शिकवतं. आत कोण, ते देवावर सोडतं.

२०१८ मध्ये रोमच्या कोर्व्हियाले वस्तीत एका लहान मुलाला पोप फ्रान्सिसना प्रश्न विचारायचा होता, रडू आल्यामुळे माईकवर बोलता येईना. पोपनी जवळ बोलावलं, कानात सांग म्हटलं. त्याचे बाबा वारले होते, नास्तिक होते, पण चारही मुलांना बाप्तिस्मा दिला होता. बाबा स्वर्गात आहेत का? पोपनी जमलेल्या मुलांनाच विचारलं, देव आपल्या लेकरांना टाकतो का? मुलं ओरडली, नाही. मोगराताई, मुलीला ही गोष्ट सांगा.

आणि मेणबत्तीचं. दफनभूमीच्या मधोमध मोठा क्रूस असतो ना, त्याच्या पायऱ्यांवर. ज्यांची कबर इथे नाही त्यांच्यासाठी लोक तिथेच लावतात. मिस्साही ठेवता येते. चर्चच्या कायद्यात कलम ९०१ आहे, धर्मगुरू कोणाहीसाठी मिस्सा अर्पण करू शकतो, जिवंत किंवा मृत. कोणाहीसाठी म्हणजे कोणाहीसाठी.

शंकासुर | ३० ऑक्टोबर, दुपारी १:१५

पण मग मिशनरी कशाला? न सांगता जाता येत असेल तर सांगून जबाबदारी का वाढवायची? खोचकपणे विचारत नाहीये.

धर्मशिक्षिका | ३० ऑक्टोबर, दुपारी २:०५

चांगला प्रश्न आहे. आपलं माणूस वाटेत जेवून येईल कदाचित, म्हणून घरी स्वयंपाक करायचाच नाही का? मला जे अन्न मिळालं ते मी वाढणार. त्याने खाल्लं नाही म्हणून तो उपाशीच मेला असं मात्र मी म्हणणार नाही.

कुपारी_काका | ३१ ऑक्टोबर, सकाळी ६:२०

मुलीचा मूळ प्रश्न विसरायला नको, वैकुंठ आणि स्वर्ग ही एकच जागा का. तिला सांगा, फादर थॉमस स्टीफन्स नावाचे एक इंग्रज जेझुइट गोव्यात साष्टीत राहिले, मराठी शिकले आणि येशूची कथा ओव्यांमध्ये लिहिली, ख्रिस्तपुराण. १६१६ मध्ये रायतूरला छापलं. त्यात स्वर्गाला त्यांनी कोणता शब्द वापरला माहितीये? वैकुंठ. चारशे वर्षांपूर्वी ओव्या ऐकणाऱ्या माणसांना परमसुखाच्या जागेसाठी तोच शब्द ओळखीचा होता, तर त्यांनी तोच घेतला.

दोन्ही धर्मांच्या कल्पना एकच आहेत असा याचा अर्थ नाही, जुनी_वाट रागावतील, आणि बरोबरच रागावतील. पण नऊ वर्षांच्या मुलीला एवढं खात्रीने सांगता येईल की तुझ्या मम्मीचा शब्द चर्चला परका नाही.

जुनी_वाट | ३१ ऑक्टोबर, रात्री ९:३३

रागावलो नाही काका. गेले तीन दिवस हा धागा डोक्यात आहे.

मी रोज माळ, म्हणजे रोझरी, जपतो. फातिमाची प्रार्थना दर दहा मण्यांनंतर येते, म्हणजे दिवसाला पाच वेळा. सर्व आत्म्यांना स्वर्गात ने, विशेषतः ज्यांना तुझ्या दयेची अधिक गरज आहे त्यांना. लहानपणापासून म्हणतोय. काल सर्व या शब्दावर अडखळलो. मी सर्वांसाठी मागतो आणि वर हिशोब घालतो की अमक्याला मिळणार नाही, हे कसं जमायचं?

माझं म्हणणं बदललेलं नाही. खात्री कोणालाच देता येत नाही, नानांची नाही आणि माझीही नाही, माझ्याबद्दलही ट्रेंट तेच सांगते. पण आशा ठेवायला बंदी नाही, किंबहुना चर्च ती ठेवायला सांगतं. मिस्सेच्या चौथ्या कृपाप्रार्थनेत मृतांसाठी जे मागणं आहे त्यात असेही मृत येतात ज्यांची श्रद्धा फक्त देवाला ठाऊक होती. ताई, नाना मला त्या ओळीत दिसतात.

मोगरा_वसई | ३ नोव्हेंबर, सकाळी ११:०८

सगळ्यांना उशिरा उत्तर देतेय.

शनिवारी चर्चच्या ऑफिसात मिस्सा ठेवायला गेले. वहीत लिहिणाऱ्या बाईंनी नाव विचारलं, आडनाव विचारलं, मग पेन थांबवून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, वडील का? मी हो म्हटलं. त्यांनी लिहिलं, बस. काल सकाळच्या मिस्सेत मृतांची नावं वाचली, परेरा, डाबरे, तुस्कानो, लोपीस, आणि मधेच आमचे नाना. मुलीने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

संध्याकाळी दफनभूमीत. आधी सासऱ्यांच्या कबरीवर फुलं आणि मेणबत्त्या, मग ती आपली आपण मोठ्या क्रुसाकडे गेली. वारा होता, दोनदा विझली. शेजारच्या एका म्हातारीने आपली मेणबत्ती तिरकी करून तिला पेटवून दिली आणि मेण सांडून त्यात रोवायला शिकवलं.

रोमच्या त्या मुलाची गोष्ट सांगितली, वैकुंठाचीही सांगितली. भेटतील का, असं तिने परत विचारलं. मी म्हटलं, चर्च आशा ठेवतं, मीही ठेवते, नक्की काय ते देवालाच ठाऊक. तिला हे थोडं कमी वाटलं असावं, पण रात्री नीट जेवली. पुढच्या रविवारी नानांचं बायबल वर्गात न्यायचं म्हणतेय, टीचरना ते पान दाखवायला.

फातर्पेकर | ३ नोव्हेंबर, दुपारी १२:२०

न्या म्हणावं. आणि त्या कडेला लिहिलेल्या शब्दाचा अर्थ टीचरना तिनेच समजावून सांगू दे.

जुनी_वाट | ३ नोव्हेंबर, रात्री ८:४७

ताई, नानांचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का? माळेत घेतो.

मोगरा_वसई | ३ नोव्हेंबर, रात्री ९:१५

केलाय.